इतिहासाच्या प्रकल्पांनाही तालुक्यापासून राज्यापर्यंतची वाट द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. विज्ञान प्रदर्शनाला तालुका, जिल्हा, राज्य अशी ठरलेली वाट आहे. तशीच वाट विद्यार्थ्यांच्या इतिहास प्रकल्पांना मिळावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

आमचा भाग प्रतिसरकारचा, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात इंग्रज सरकारला डावलून गावागावांत चालवलेल्या समांतर सरकारचा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र शेजारच्या वाळवा तालुक्यात, आणि प्रतिसरकारच्या तुफान सेना या लढाऊ दलाचं कुंडल तर आमच्याच तालुक्यात. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ लुटलेल्या रेल्वेची गोष्ट इथली पोरं घरातच ऐकतात. पुस्तकात मात्र प्रतिसरकार काही ओळींत येतं आणि पुढचा धडा सुरू होतो. पुस्तकाला दोष नाही, त्याला सगळ्या राज्याला पुरायचं असतं. गावाचा इतिहास गावातल्या मुलांनीच काढायला हवा.

तो कसा निघतो, ते आमच्या नववीच्या मुलींकडून पाहिलं. त्यांनी गावातल्या नव्वदी ओलांडलेल्या एका आजींना मोबाइलवर बोलतं केलं. भूमिगतांना रानात भाकरी कशी पोचायची, हे आजी सांगत होत्या. बुट्टीत तळाला फडक्यात बांधलेली भाकरी, वर शेण. "पोलीस शेणात हात घालायचा न्हाई." मुलींनी विचारलं, हे कोणत्या साली? आजी म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ पाळण्यात व्हता बघ."

भाऊ गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकलेला. मुलींनी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं जुनं जनरल रजिस्टर उघडलं. नाव सापडलं, जन्मतारीख सापडली: 1 जून. सगळ्या खूश झाल्या. मग एकीची नजर वरच्या-खालच्या ओळींवर गेली. तिथंही 1 जून, पुढच्या पानावरही 1 जून. दाखल करून घेताना गुरुजींनी अंदाजानं घातलेल्या तारखा होत्या त्या. तारीख अंदाजाची, तर साल तरी खरं कशावरून? मुली पुन्हा आजींकडे गेल्या. थोरल्या बहिणीचं लग्न कधी झालं, त्या साली पाऊस कसा होता, असं विचारत राहिल्या. शेवटी अहवालात त्यांनी लिहिलं, "ही घटना 1943 किंवा 1944 मधली असावी. नक्की साल सांगता येत नाही." आणि खाली कारणं दिली.

महोदय, माझ्या नोकरीत विद्यार्थ्यांच्या वहीत मी वाचलेलं हे सगळ्यांत चांगलं वाक्य आहे. एका स्पर्धेत याच वाक्यावर त्यांचे गुण गेले. नक्की साल का नाही, मॉडेल का नाही, असं परीक्षकांनी विचारलं. बक्षीस थर्माकोलच्या किल्ल्याला मिळालं. किल्ला करणाऱ्या मुलांची मेहनत खरी होती, माझा राग त्यांच्यावर नाही. पण त्यात शोधलेलं काय, हे कुणी विचारलंच नाही. जोवर गुण सजावटीला आहेत, तोवर पालक झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत चित्रंच आणणार.

जर्मनीत 1973 पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावानं शालेय इतिहास स्पर्धा चालते. अमेरिकेत नॅशनल हिस्टरी डे 1974 मध्ये क्लीव्हलँडमध्ये सुरू झाला. तिथं प्रकल्पासोबत साधनांची टिपणांसह यादी द्यावी लागते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत विज्ञानाच्या चांगल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यावर 10,000 रुपये जमा होतात. इतिहासाला तेवढे नकोत, प्रवासखर्च निघाला तरी पुरे.

प्रवास तर करावाच लागतो. कुंडल तेव्हा औंध संस्थानात, सांगली पटवर्धनांची, आसपासचा बराच मुलूख इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 मध्ये, त्याचं नाव सांगली झालं 1960 मध्ये. त्यामुळे एका गावचे कागद सातारा, पुणे, कोल्हापूर असे कुठंही निघू शकतात. मुलं तिथं गेली तरी शाळेच्या गणवेशातल्या पोराला कागद कोण दाखवणार? शिक्षणाधिकाऱ्यांचं एक पत्र आणि पुराभिलेखागारात मुलांसाठी महिन्यातला एक ठरलेला दिवस, एवढ्यानं हे दार उघडेल.

स्पर्धा सुरू केली की प्रकल्प शिक्षकच लिहून देतील, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय तोंडी परीक्षेचा. हे तुला कुणी सांगितलं, कागद कुठं पाहिलास, दोघांचं जुळलं नाही तेव्हा काय केलंस, एवढं विचारलं की मूल बोलतं किंवा गप्प होतं. परीक्षकांना आधी तेवढं प्रशिक्षण द्या.

आणखी एक गोष्ट परीक्षकांपर्यंत पोचायला हवी. प्रतिसरकारचा मार खाल्लेली घरंही या गावांत आहेत. "हे लिहायचं का, बाई?" असं मुलींनी मला विचारलं. नाव गाळा, घटना लिहा, असं मी सांगितलं. अशा प्रकल्पाचा गौरवगीताशी मेळ बसत नाही म्हणून तो मागं पडू नये.

वेळ फार नाही. 1943 मध्ये दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढं आहे. 1967 चा कोयनेचा भूकंप आणि 1972 चा दुष्काळ सांगणारे अजून घरोघरी आहेत, पण तेही थकत चाललेत. येत्या जूनपूर्वी शासन निर्णय निघाला, तर पहिल्या सत्रातच मुलं मुलाखतींना बाहेर पडतील आणि दिवाळीच्या सुट्टीत कागद पाहतील. पहिल्या वर्षी अख्ख्या राज्यात जमत नसेल, तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात करा. नियमावलीचा मसुदा करायला इथले आम्ही शिक्षक तयार आहोत. आपण बोलवाल तेव्हा येऊ.

आपली विश्वासू,
एक इतिहास शिक्षिका,
ता. पलूस, जि. सांगली