रंग लागला म्हणजे विमान तयार झालं असं नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आम्ही उडण्यासाठी दुरुस्त करत असलेल्या जुन्या हार्वर्ड विमानाचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, "इतकं चकचकीत झालंय, मग उडत का नाही?" आणि आईने विचारलं, "त्यात पहिलं बसणार कोण?" फोनवर अर्धं बोलणं हवेत जातं, म्हणून दोन्हींची उत्तरं लिहूनच पाठवते.

हे विमान 1930च्या दशकातल्या आराखड्याचं. दुसऱ्या महायुद्धात याच्यावर हजारो वैमानिक शिकले, आपल्या हवाई दलातही कित्येक वर्षं प्रशिक्षणासाठी हेच होतं. पंधरा हजारांहून जास्त बनली, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. उडवण्यासाठी जुनं लष्करी विमान निवडायचं तर हे मोठं कारण. पण फोटोत दिसतो तो वरचा पत्रा. खरं काम पत्र्याच्या आत असतं आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

पहिला प्रश्न गंजाचा. अॅल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा दिसत नाही. पांढरी भुकटी येते, नाहीतर पत्र्याचे थर आतून सुटून फुगतात. वरून रंग शाबूत असतो, नखाने दाबलं की पापुद्रा उचलला जातो. असा भाग घासून वापरता येत नाही, बदलावाच लागतो. स्टीलचा बोल्ट थेट अॅल्युमिनियमला टेकतो तिथे हे हमखास सापडतं, म्हणून नवीन बोल्ट प्रायमर लावून ओलाच बसवतात.

पंखाचा बाहेरचा भाग मधल्या भागाला बोल्टांच्या लांब रांगेने जोडलेला असतो. त्या जोडावरच्या कोनपट्ट्या म्हणजे या विमानाचं मर्मस्थान. 2005 मध्ये अमेरिकेत याच जातीच्या विमानाचा पंख उड्डाणात तुटला. त्यानंतर तिथल्या एफएएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेने, या कोनपट्ट्यांची तपासणी सक्तीची केली, आणि ती ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा करायची असते. तपासणी अशी: रंग रसायनाने उतरवायचा. वाळूचा मारा करायचा नाही, कारण त्याने धातू पसरून तड्याचं तोंडच बुजतं. मग चमकणारा द्रव लावून तो मुरू द्यायचा, वरचा फडक्याने टिपून घ्यायचा, पांढरी पावडर मारायची आणि अंधारात अतिनील दिव्याखाली बघायचं. तडा असला तर केसाएवढी हिरवी रेघ उमटते. पुसताना कोणी घाईने सॉल्व्हंटचा फवारा मारला, तर तड्यातला द्रवही धुऊन निघतो आणि पट्टी निर्दोष दिसते. म्हणून या कामात माझा वेगवान माणसापेक्षा चिकाटीच्या माणसावर जास्त विश्वास.

रिव्हेटिंगचं, म्हणजे धातूच्या खिळ्याची शेपटी ठोकून पत्रे जोडण्याचंही तसंच. 3.2 मिमीचा रिव्हेट घेतला तर त्याची लांबी दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक व्यासाची दीडपट. ठोकल्यावर मागचं डोकं साधारण 4.8 मिमी रुंद आणि 1.6 मिमी उंच व्हायला हवं. त्याहून चपटं झालं तर जास्त ठोकलंय, उंच राहिलं तर कमी. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं. घोळ इथेच होतो. जुना रिव्हेट काढताना ड्रिल घसरलं की भोक अंडाकृती होतं. मग वरच्या मापाचा, म्हणजे 4 मिमीचा रिव्हेट घ्यावा लागतो, पण त्याला कडेपासून 8 मिमी लागतात आणि पत्र्यावर असतात साडेसहा. एका भोकापायी अख्खी पट्टी नवीन करावी लागते. जास्त भार येतो तिथले कठीण मिश्रधातूचे रिव्हेट उष्णतेची प्रक्रिया करून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यावर दहा-वीस मिनिटांत ठोकतात. नंतर ते इतके कडक होतात की ठोकताना चिरतात. आई, वर्कशॉपमध्ये फ्रीझर कशाला म्हणून तू हसली होतीस ना, तो याच्यासाठी.

रबराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. होज, सील, गास्केट कितीही चांगले दिसोत, सगळे नवीन. जुन्या वायरिंगचंही तेच. इंधनाच्या टाकीत मात्र नीट डोकावून पाहावं लागतं. गळती थांबवायला पूर्वी आतून लेप देत. तो वर्षानुवर्षं कोरडा राहिला की त्याचे पोपडे निघतात, ते गाळणीत जाऊन बसतात आणि इंजिन नेमकं टेकऑफला इंधनावाचून गुदमरतं.

इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प. नऊ सिलिंडर गोलाकार, सुमारे 22 लिटर, 600 अश्वशक्ती. बंद उभं असताना तेल पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून खालच्या सिलिंडरांत साठतं. तेल दाबलं जात नाही. तशा अवस्थेत स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट म्हणजे इंजिन त्यानंतरही चालतं, आणि तो रॉड पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवायचा. दोन पूर्ण फेऱ्यांत सगळ्या सिलिंडरांचं एकेक चक्र होतं, आम्ही चार फिरवतो. मध्येच अडला तर जोर लावायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही, कारण उलट फिरवल्यावर तेल इनटेक पाइपात जातं आणि सुरू होताना परत सिलिंडरात ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढून तेल गळू द्यायचं, हा एकच उपाय.

हाताने फिरवताना मॅग्नेटोचा, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद असला तरी तो चालू आहे असंच धरायचं. घरात स्विचची तार तुटली की दिवा लागत नाही. इथे उलट आहे: तार तुटली की मॅग्नेटो बंदच होत नाही. त्यामुळे पात्याच्या फिरण्याच्या रेषेत हात-पाय कधीच ठेवायचा नाही.

ओव्हरहॉल झालेल्या इंजिनात सुरू करण्याआधी दाबाने तेल भरतात. सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात तेलाचा दाब दिसला नाही तर लगेच बंद. आधीच्या इंजिनाचे तुकडे झाले असतील तर जुना ऑइल कूलर कधीच परत लावायचा नाही. त्याच्या जाळीत अडकलेला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही आणि नव्या बेअरिंगांत जातो. पहिले काही तास साधं मिनरल तेल वापरतात आणि इंजिनावर भार ठेवतात, नाहीतर रिंगा सिलिंडरला बसत नाहीत आणि तेल जळत राहतं. गाळणीवर बारीक लव असली तर ठीक, चकचकीत कण दिसले तर उड्डाण रद्द.

आता तुमच्या रंगाकडे येते, बाबा. शेपटीवरचं सुकाणू, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि पंखावरचे, विमान कलवणारे एलेरॉन यांच्यावर कापड ताणलेलं असतं. पॉलिएस्टरचं कापड इस्त्रीने आधी साधारण 120 अंशांवर, मग 175 अंशांवर आक्रसवतात. त्यावर डोप (कापडाला द्यायचा लेप) आणि रंगाचे थर चढले की मागच्या कडेचं वजन वाढतं. म्हणून रंगानंतर प्रत्येक पृष्ठभाग पुन्हा तोलावा लागतो. हे टाळलं तर वेगात तो फडफडायला लागतो आणि काही सेकंदांत शेपूट उखडू शकते. हौसेने मारलेला जादा हात असा महागात पडतो.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या उड्डाणात एकच माणूस बसतो, या जातीच्या विमानाचा अनुभव असलेला वैमानिक. त्याआधी विमान समतल ठेवून तीन काट्यांवर वजन करतात आणि गुरुत्वमध्य काढतात. जॅकवर उचलून चाकं पुन्हा पुन्हा आत-बाहेर करतात. वैमानिकाची काठी डावीकडे नेली की डावा एलेरॉन वर येतो ना, हे ज्याने केबल जोडल्या तो नव्हे, दुसरा माणूस तपासून सही करतो. उलट्या जोडलेल्या केबलींनी चांगली चांगली विमानं पाडली आहेत. पहिली फेरी धावपट्टीच्या डोक्यावरच, चाकं खाली ठेवून, इंजिन थांबलं तरी उतरता येईल इतक्या अंतरात. उतरल्यावर इंजिनाची झाकणं काढून प्रत्येक जोड बघतात.

मी त्या दिवशी खालीच असेन, हातात अग्निशामक घेऊन.

तुम्ही इंजिनाची चाचणी बघायला आलात तर बाजूला किंवा समोर उभं राहू नका, पंखाच्या टोकामागे लांब उभे राहा. पूर्ण ताकदीवर प्रोपेलरच्या टोकांचा वेग आवाजाच्या वेगाजवळ जातो, त्यामुळे कर्कश आवाज येतो. बाबा, कानातलं यंत्र काढून ठेवा आणि वरून कानटोपण लावा. दोघांसाठी मी आणून ठेवते.

तुमची,
ताई