किडनीत गाठ निघाली म्हणजे लगेच ऑपरेशनच असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

किडनीच्या कॅन्सरवरचा तुमचा लेख चांगला होता, पण वयस्कर पेशंटबद्दल त्यात दोनच ओळी होत्या, आणि या गाठी वय वाढलं की जास्त सापडतात म्हणून मुद्दाम लिहितेय. माझे सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत, जुना डायबेटिस, बीपी, हार्टमध्ये स्टेंट, आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किडनीत अडीच सेंटीमीटरची गाठ दिसली. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, काढून टाका, उगाच रिस्क कशाला.

पण रिस्क तर दोन्हीकडे आहे ना, आणि नेमकं हेच कुणी नीट बसून सांगत नाही. चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला डॉक्टर लहान गाठ म्हणतात, त्यातली साधारण पाचातली एक तर कॅन्सरची नसतेच, आणि ज्या असतात त्यातल्या बऱ्याच खूप हळू वाढतात, नुसतं लक्ष ठेवलेल्या पेशंटमध्ये सरासरी वाढ वर्षाला २-३ मिलिमीटरच्या आसपास दिसलीये आणि पहिल्या काही वर्षांत दुसरीकडे पसरायचं प्रमाण शंभरात एक-दोन. तेवढ्या काळात ऐंशीच्या माणसाला हार्टचा, इन्फेक्शनचा, पडून खुबा मोडायचा धोका याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन या किडनी-मूत्रमार्गाच्या सर्जन लोकांच्या संघटनेच्या गाईडलाईनमध्येही म्हटलंय की ऑपरेशनचा किंवा बाकीच्या आजारांचा धोका फायद्यापेक्षा मोठा असेल तर लक्ष ठेवण्यालाच आधी पसंती द्यावी.

लक्ष ठेवणं म्हणजे सोडून देणं नाही हे मात्र नातेवाईकांना पटवताना नाकी नऊ येतात. सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन, मग गाठ शांत असेल तर अंतर वाढवायचं, आणि वर्षात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली, तीन-चार सेंटीमीटरच्या पुढे गेली किंवा लघवीतून रक्त आलं तर परत सगळा विचार करायचा. हां, पण समजा काहीही निघालं तरी पेशंटला कुठलीच ट्रीटमेंट झेपणार नाहीये, तर दर वेळी त्याला स्कॅनला ओढत नेण्यात काय अर्थ आहे, हेही डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

दुसरं म्हणजे क्रिएटिनिन, स्नायूंमधून रक्तात येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा घटक. रिपोर्टमध्ये ते नॉर्मल दिसलं की सगळे निवांत होतात, पण म्हाताऱ्या माणसाच्या अंगात स्नायू कमी असतात त्यामुळे किडनी बरीच थकलेली असली तरी आकडा चांगला येऊ शकतो. म्हणून ईजीएफआर, म्हणजे वय वगैरे धरून काढलेला किडनी किती गाळते याचा अंदाज, तो बघायचा, लघवीतून प्रोटीन जातंय का ते बघायचं. डायबेटिस आणि बीपीने आधीच अर्धी थकलेली किडनी असेल आणि त्यात एक अख्खी काढली तर गाठ जाईल पण क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा कायमचा आजार मागे लागेल, कुणाकुणाला डायलिसिसपर्यंत. ऑपरेशन करायचंच ठरलं तरी फक्त गाठीचा भाग काढून बाकी किडनी वाचवता येईल का हे विचारल्याशिवाय सही करू नका.

मधला रस्ता पण आहे. तीन सेंटीमीटरपर्यंतची गाठ असेल तर कातडीतून सुई घालून ती उष्णतेने जाळतात किंवा गोठवतात, पुष्कळदा पूर्ण भूल लागत नाही, फक्त थोडी गाठ शिल्लक राहून परत करायची वेळ येऊ शकते. त्याआधी बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करून घेतली तर नक्की काय आहे ते बऱ्याच जणांचं कळतं, सगळ्यांचं नाही, काही वेळा सॅम्पलमधून उत्तरच मिळत नाही. आणि स्टेंटवाल्यांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, प्लीज, आधी कार्डिओलॉजिस्टला विचारा.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाहीये हो. पंचाहत्तरीतला ठणठणीत माणूस, रोज फिरतो, हार्ट-किडनी चांगली, त्याला नुसतं वयाकडे बघून नाही म्हणणंही तितकंच चूक. जन्मतारीख बघण्यापेक्षा माणूस चालतो कसा, वजन उतरलंय का, स्वतःचं स्वतः करतो का, हे बघा.

आणि बहुतेक घरांत पेशंटलाच सांगत नाहीत, घाबरतील म्हणून. आम्ही सांगितलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून डॉक्टरांना विचारलं, काही केलं नाही तर मला त्रास कशाने होईल आणि केलं तर कशाने? इतका सरळ प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता, आणि त्यावर डॉक्टर पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून नीट बोलले.

पुढचा लेख कराल तेव्हा ऑपरेशन करणाऱ्या युरॉलॉजिस्टबरोबर एखाद्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे औषधाने किडनी सांभाळणाऱ्या डॉक्टरला, आणि वृद्धांच्या डॉक्टरलाही बोलतं करा, आणि दोन-तीन आजार आधीच असलेल्या पेशंटबद्दलच विचारा एवढी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक