घरफोड्यांचं खापर बाहेरच्यांवर नको
संपादक महाशय, घरफोड्यांवरच्या तुमच्या बातमीत ‘बाहेरून आलेली लोकं’ हेच कारण दिलंय, ते काही पटलं नाही. हिंजवडी, वाकड, चाकणकडे बघा ना, पंचवीसेक वर्षांत शेतं जाऊन टॉवर आले, नवरा-बायको दोघं ड्युटीवर, फ्लॅट दिवसभर कुलूपबंद, शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही, मग चोराला अजून काय पाहिजे? (ओट्यावर बसलेली आजी सीसीटीव्हीपेक्षा भारी होती.) त्यात २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं. पिंपरी-चिंचवडला वेगळं पोलिस आयुक्तालय मिळालं २०१८ मध्ये, तोवर गावांचं शहर होऊनही गेलं होतं. आधी दुपारची गस्त वाढवा, भाडेकरूंवर संशय नंतर घ्या.
– एक वाचक, वाकड