काठ मे महिन्यात बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पानशेत धरणाच्या फुगवट्यावरच्या, म्हणजे धरणामागे साचणाऱ्या पाण्याकाठच्या, गृहप्रकल्पाचं रंगीत चित्र काल तुम्ही अर्धं पान छापलंत. अंगणाशी पाणी, बोटींचा पक्का धक्का, आणि खाली ‘जलक्रीडा सर्वांसाठी खुल्या’ असं वाक्य. हे चित्र ऑगस्टअखेरचं आहे. जूनच्या सुरुवातीला तिथे काय असतं, हे काढणाऱ्याने पाहिलेलं नाही आणि छापण्याआधी तुम्हीही विचारलं नाहीत, याचा मला राग आला.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. पानशेतचं साडेदहा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पावसाळा संपला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत उतरतच असतं. काठाला विसास एक उतार असला, तर पातळी एक मीटर खाली गेली की पाणी वीस मीटर मागे सरतं. दहा मीटर गेली तर दोनशे. मध्ये उघडी पडते ती गाळपेर. ती सरकारने संपादित केलेली आहे, धरणग्रस्तांना हंगामापुरती कसायला देतात. चित्रातला धक्का नेमका तिच्यातच रोवलेला आहे.

गेल्या मे महिन्यात नातीला घेऊन तिकडे गेलो होतो. नोकरीत असताना आम्ही एका मुरमाड उतारावरून पाण्याशी जायचो. म्हशीही तिथूनच उतरायच्या. पायाखाली घट्ट आणि हळूहळू खोल होत जाणारा असा काठ. त्या वाटेवर आता एका वसाहतीचं फाटक आहे. “काका, फक्त मेंबर,” रखवालदार म्हणाला. त्याच्याशी वाद घालून काय मिळणार? आम्ही ओढ्याच्या कडेने वळसा घालून उतरलो. ओढा मिळतो तिथे गाळ साचतो हे मला पक्कं ठाऊक होतं, पण वरचा थर वाळून तडकलेला दिसला म्हणून वाटलं, धरेल. पोर चार पावलांत मांडीपर्यंत रुतली. हलली की आणखी खाली. म्हशी राखणाऱ्या एक बाई धावत आल्या, “आडवी हो पोरी, पाय झाडू नको,” म्हणाल्या आणि हातातली काठी पुढे केली. ती धरून आम्ही दोघांनी तिला ओढून काढलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. अजूनही ते आठवलं की हात थरथरतात.

चांगला काठ कुंपणात गेला म्हणून लोक पाण्याला यायचे थांबत नाहीत, ते वाईट काठाने उतरतात. रविवारी पुण्याहून येणाऱ्या पोरांना तर गाळ कुठे आणि मुरूम कुठे हेही माहीत नसतं. तेव्हा आराखडा करणाऱ्यांनी मे महिन्याची पाणरेषा आधी आखावी आणि मुरमाड उतार सगळ्यांना मोकळा सोडून मगच घरं मांडावीत. तिथे पायऱ्या हव्यात, त्याही उन्हाळ्यातल्या पाण्यापर्यंत. धक्का तरंगता असावा, पाण्याबरोबर वरखाली होणारा. पोहणाऱ्यांची जागा दोर लावून बोटींपासून वेगळी करावी, आणि बोटी वल्ह्यांच्या किंवा शिडाच्या असाव्यात. हेच पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पर्वती जलकेंद्रातून आपल्या नळाला. त्यात पेट्रोलचा तवंग कशाला? वसाहतीच्या मैलापाण्याबद्दल बातमीत एक ओळही नाही.

जाता जाता आणखी एक. तुम्ही रोज धरणसाठ्याची चौकट छापता, त्यात टीएमसी असतात, टक्के असतात, पण पाण्याची पातळी मीटरमध्ये कधीच नसते. काठ कुठे आहे हे पातळीवरूनच कळतं. खात्याकडे ती रोज सकाळी नोंदलेली असते, मी स्वतः वर्षानुवर्षं नोंदली आहे. ती छापायला एका रकान्याची जागा पुरेल. दोन वर्षांपूर्वीही मी हे कळवलं होतं, उत्तर आलं नाही.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
सिंहगड रस्ता, पुणे