जाहिरातींचा हिशेब नीट मांडून दिल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या वेबसाइटसाठी ॲड नेटवर्क (जाहिरातदारांच्या जाहिराती साइटवर आणून देणारी कंपनी) निवडताना तुम्ही आमच्या लांबलचक कोष्टकावर काट मारून एकच रकाना ठेवलात: हजार पेज व्ह्यूंमागे खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम. त्याबद्दल हे जाहीर आभार.

एका नेटवर्कचा सीपीएम (जाहिरात हजार वेळा दिसण्याचा दर) ५ डॉलर, दुसऱ्याचा अडीच. पण पहिल्याचा फिल रेट ४० टक्के, म्हणजे हजारातल्या सहाशे जागा रिकाम्याच. उरले २ डॉलर. त्यातून त्यांचा ३० टक्के वाटा गेला की १.४०. दुसऱ्याचा फिल रेट ९५ टक्के आणि दर वाटा वजा करूनच सांगितलेला, म्हणजे जवळपास २.३७. शिवाय पहिल्याचा करार ‘नेट ६०’, म्हणजे महिना संपल्यावर साठ दिवसांनी पैसे: जानेवारीची कमाई हाती यायला एप्रिल उजाडतो. गणित शाळेतलंच, पण ‘फिल रेट किती?’ हे आधी विचारायला सुचावं लागतं.

ट्रॅफिक निम्मं-निम्मं वाटून, एकाच काळात, निदान दोन आठवडे तुलना करा, हेही तुमचंच. डिसेंबरात जाहिरातदार उरलेलं बजेट संपवतात, जानेवारीत दर घसरतात; हे दोन महिने समोरासमोर ठेवले की नवं नेटवर्क उगाच बदनाम होतं.

ॲड्स डॉट टीएक्सटी (आपल्या जाहिरातीच्या जागा कोण विकू शकतं याची जाहीर यादी) ही फाइल मूळ डोमेनवर हवी, फोल्डरात नाही. ओळीत स्वल्पविराम देऊन जाहिरात यंत्रणेचं डोमेन, आपला खाते क्रमांक आणि ‘डायरेक्ट’ (थेट) की ‘रीसेलर’ (मध्यस्थामार्फत). नव्या नेटवर्कची यादी जुन्या ओळी पुसून पेस्ट केली, की जुन्याच्या बोली आटतात आणि कोडमध्ये मात्र काहीच चूक सापडत नाही. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

सगळ्यात मोलाची सूचना जागेची. ३०० बाय २५०ची जाहिरात उशिरा उघडते, मजकूर खाली ढकलते आणि ‘पुढे वाचा’वर जाणारं बोट जाहिरातीवर पडतं. असे क्लिक आधी कमाईत दिसतात. नंतर नेटवर्क ते अवैध ठरवून कापून घेतं, आणि प्रमाण वाढलं तर खातंच बंद. उपाय एका ओळीचा: त्या चौकटीला मिन-हाइट (किमान उंची) २५० पिक्सेल. सीएलएस (पानावरचा मजकूर अचानक किती सरकतो याचं माप) ०.१च्या आत ठेवायलाही तीच ओळ कामी येते.

करारातलं ‘एक्सक्लुझिव्ह’चं (दुसरं नेटवर्क न वापरण्याचं) कलम आणि बाहेर पडण्याच्या नोटिशीची मुदत तुम्ही लाल शाईने अधोरेखित केलीत, म्हणून त्यावर सहीआधी बोलता आलं. त्या खुणेचे आभार वेगळे.

आपली,
वेबसाइट सांभाळणारी मंडळी