गाव होतो तेव्हा आमच्या विहिरीला कार्ड होतं

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी पुण्यात राहते. म्हणजे आता पुणे म्हणायचं, २०२१ पर्यंत आमचं गाव होतं. त्या वर्षी २३ गावं एकदम महापालिकेत आली त्यातलंच एक, खडकवासला धरणाच्या खालच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जे सांगणार आहे ते या पट्ट्यात कुठेही लागू पडेल आणि मला कुणा एकाची तक्रार करायची नाहीये. मला आमच्या पायाखालच्या पाण्याबद्दल बोलायचंय.

गाव होतं तेव्हा आमच्याकडे जलसुरक्षक होते. आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. सकाळी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचे आणि मग कुठल्यातरी घराच्या नळावर येऊन काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, दोन थेंब. पिवळं झालं की क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं की दादा काही न बोलता परत विहिरीकडे. आम्ही लहान पोरं ती नळी बघायला गर्दी करायचो. आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, विहीर, टाकी, हातपंप सगळ्याची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला कार्ड मिळायचं. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे बरं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही की चंदेरी. एका वर्षी आम्हाला लाल आलं होतं तर ग्रामसभेत अक्षरशः भांडणं झाली होती, विहिरीजवळचा उकिरडा आठ दिवसात हलला.

ही पद्धत तुमच्याच खात्याची आहे साहेब आणि ती चांगली पद्धत आहे, हे मला आधी सांगायचंय. पण कार्ड मिळतं ते ग्रामपंचायतीला. ग्रामपंचायत संपली तसं कार्डही संपलं. विहीर तिथेच आहे, बोअर तर आधीपेक्षा दहापट झालेत, माणसं तर विचारूच नका, आणि पाणी कसं आहे ते सांगणारा कागदच गेला.

मग २०२५ चा जानेवारी आला. जीबीएस, म्हणजे गिलियन बॅरे, नसांवर परिणाम होऊन हातापायातली ताकद जाते तो आजार. सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी, आमचाच सगळा पट्टा. दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले, माणसं गेली, एनआयव्ही म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोट बिघडवणारा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस, आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या. नांदेडगावची विहीर तेव्हा रोज बातम्यात होती. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका त्याच आठवड्यात आजारी पडले. आधी दोन दिवस पोट बिघडलं, मग एका सकाळी दूध आणायला निघाले तर चप्पल पायात राहिना. पाय उचलायचे आणि चप्पल मागे राहायची. त्यांना वाटलं पट्टा सैल झालाय, खाली बसून बघायला लागले तर उठताच येईना. तीन आठवडे आयसीयू. आता चालतात, पण काठी घेऊन, आणि जिना उतरताना अजून भिंतीला हात लावतात.

त्यांना पाण्यानेच झालं का, कुठल्या पाण्याने, ते मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सगळे एकच विचारत होते की आपलं पाणी कसंय, आणि ६४ फ्लॅटमधल्या एकाकडेही उत्तर नव्हतं. दोन बोअर आमच्या मालकीचे, रोज उपसतो, कपडे भांडी अंघोळ त्यावर, टँकर चुकला की पिण्यालाही तेच, आणि बिल्डिंग झाली तेव्हापासून एकदाही टेस्ट नाही. मी कमिटीत आहे, तेव्हा ही चूक माझीही आहे.

म्हणून मी एचटूएसच्या, म्हणजे घरच्या घरी पाणी तपासायच्या, बाटल्या आणल्या. गावात आरोग्यवाले वापरतात त्याच. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, हलवायचं, आणि एक-दोन दिवस तशीच ठेवायची. काळी पडली तर पाण्यात मैला मिसळलाय असं समजायचं. मी तीन भरल्या, दोन बोअरच्या दोन आणि एक उकळून गार केलेल्या पाण्याची, चिठ्ठ्या चिकटवून देवघराशेजारच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावायला गेले तर पार्किंगकडच्या बोअरची बाटली डांबरासारखी काळी. बाकी दोन तशाच. मी ती बाटली तशीच हातात घेऊन खाली गेले आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवली, येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. लॅबचा रिपोर्ट नंतर आला, त्यात ई कोलाय, म्हणजे मैल्यातला जंतू, होताच, शिवाय नायट्रेटही लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर. पण माणसं जी हलली ती त्या बाटलीने.

इथे एक सांगते कारण आमच्याकडे सगळ्यांचाच हा गैरसमज होता. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं, आणि त्या पाण्यात कालवलेलं बाटलीतलं दूध पिणाऱ्या लहान बाळांना ते घातक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी साधारण ३५ टक्क्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालंय. शेतात ते खतातून येतं, शहरात आपल्याच मैलापाण्यातून.

प्लंबरने सगळे चेंबर उघडले. बोअरपासून जेमतेम पंधरा फुटावरच्या चेंबरला तळच नव्हता. विटा खचल्या होत्या आणि दोन विंगचं मैलापाणी तिथून सरळ मुरमात जात होतं. वरून सगळं छान, पेव्हर ब्लॉक, कुंड्या. आणि बोअरची केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, वरवरच थांबलेली, बाहेरची पोकळी सिमेंटने भरलेलीच नाही, म्हणजे मुरमातली घाण पाइपच्या कडेने ओघळून थेट खाली. शिवाय रेन हार्वेस्टिंगचा पाइप, जो कंप्लीशन सर्टिफिकेटच्या वेळी लावला होता, तो पार्किंगचं पाणी त्याच बोअरमध्ये सोडत होता, गाड्यांच्या ऑइलसकट. आम्ही इतकी वर्षं अभिमानाने सांगायचो की आमच्याकडे रेन हार्वेस्टिंग आहे.

चेंबर नवीन बांधला, केसिंगच्या कडेने सिमेंट भरलं, पार्किंगचा पाइप तोडून फक्त गच्चीचं पाणी गाळून खड्ड्यात सोडलं, बोअर भरपूर उपसून टाकला, क्लोरीन केलं, परत उपसला. मग दर महिन्याला बाटली. पहिल्या महिन्यात परत काळी, तेव्हा खूप जणांनी मला सांगितलं की ताई सोडा आता. तिसऱ्या महिन्यात स्वच्छ राहिली. नायट्रेट अजून पूर्ण उतरलेलं नाही, पण प्रत्येक रिपोर्टला थोडं खाली येतंय. म्हणजे बिघडलेलं भूजल सुधारतं साहेब. वेळ लागतो, पण सुधारतं, हे मी स्वतः बघितलंय म्हणून एवढं ठासून लिहितेय.

पण हे एका सोसायटीने किती करायचं? आपल्याकडे खाली काळा कातळ आहे, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ती भेग आमच्या कंपाउंडला थांबत नाही. शेजारच्या प्लॉटमधला सेप्टिक टँक गळत असेल, नाल्यात मैलापाणी सोडलं असेल, तर आम्ही आमचा चेंबर सोन्याने मढवला तरी उपयोग नाही. आणि भेग कुठून कुठे जाते हे घरात बसून कळत नाही, त्याला भूजलशास्त्र लागतं, माणसं लागतात, वर्षानुवर्षांचे आकडे लागतात.

ते सगळं तुमच्याकडे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तुमच्या खात्याखाली आहे, तिचं मुख्य ऑफिस आमच्याच पुण्यात आहे. राज्यभर त्यांच्या हजारो निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून चार वेळा पातळी मोजतात, किती फूट खाली गेली किती वर आली ते तालुक्यासकट सांगतात. हे काम मला मनापासून मोठं वाटतं. पण त्याचा रोख खेड्याकडे, शेतीकडे. शहरात पाणी म्हणजे धरण, पाइपलाइन आणि महापालिका, आणि महापालिका म्हणजे नगरविकास खातं. मग शहराखालच्या पाण्याचा वाली कोण? धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात रोज तपासलं जातं, बोअरचं पाणी ज्याचं तो बघेल. आणि आमच्यासारख्या नव्या गावांत बरीचशी कामं त्या बोअरवरच चालतात, बरेच टँकर पण कुठल्यातरी बोअरवरच भरतात.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे, २०१४ पासून लागू आहे, त्यात विहिरींची नोंदणी आहे, भूजल घाण करायला बंदी आहे, ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल बोअरवरही निर्बंध आहेत. आमच्या गल्लीत मागच्या उन्हाळ्यात ५०० फुटांचा बोअर झाला, रात्रभर मशीन चालू होतं, अख्ख्या गल्लीने आवाज ऐकला.

जगात हे कुणी केलंय का असं तुमचे अधिकारी विचारतील, म्हणून एक उदाहरण देते. अमेरिकेत लॉस एंजेलिसला लागून सांता मोनिका म्हणून समुद्रकाठचं छोटं शहर आहे, लाखाच्या आतली वस्ती. १९९५-९६ मध्ये तिथल्या विहिरींच्या नेहमीच्या तपासणीत एमटीबीई सापडलं, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं केमिकल, जमिनीतल्या गळक्या टाक्या-पाइपांतून झिरपलेलं. शहराचं जवळपास निम्मं पिण्याचं पाणी त्या विहिरींतून यायचं. विहिरी बंद केल्या, लांबून पाणी विकत आणलं, पण विहिरी सोडून दिल्या नाहीत. तेल कंपन्यांना कोर्टात खेचलं, त्यांच्याकडून पैसे वसूल केले, कार्बन फिल्टरचा प्लँट बांधला आणि २०१० मध्ये त्याच विहिरींचं पाणी परत नळाला सोडलं. चौदा-पंधरा वर्षं लागली. मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, नियमित तपासणी होती म्हणून कळलं, नाहीतर लोक पीतच राहिले असते. दुसरी, बिल घाण करणाऱ्याने भरलं.

आणि विहिरींची गरज काय, धरणं आहेत की, असं जर वाटत असेल तर पुण्याने तेही भोगलंय. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि शहराचे नळ कोरडे पडले. माझी आजी तेव्हा सदाशिव पेठेत वाड्यात राहायची. ती सांगायची की वाड्यातल्या आडावर पहाटेपासून रांग असायची, ओळखीपाळखीचे नसलेले लोकसुद्धा लांबून घागरी घेऊन यायचे, आणि माझी पणजी रहाटाशेजारी बसून कुणी दोनदा नंबर लावत नाही ना ते बघायची. त्या दिवसांत शहराला पाणी पाजलं ते अशा आडांनी आणि विहिरींनी. आज वाड्याच्या जागी बिल्डिंग आहे, आडावर फरशी आहे, तिच्यावर स्कूटर लावतात.

साहेब, माझं मागणं असं आहे की भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी शहरात आणा, आधी या नव्याने आलेल्या गावांत, आणि तिथे नुसती पातळी नको, नायट्रेट, ई कोलाय, क्षार सगळं मोजा, आणि आकडे फाइलीत न ठेवता विहिरीजवळच्या पाटीवर लिहा, मराठीत, तारखेसह. टँकर जिथे भरतात तो प्रत्येक पॉइंट यात धरा, कारण उन्हाळ्यात अर्धा पट्टा तेच पाणी पितो. वॉर्डांना कार्ड द्या, तसंच लाल पिवळं हिरवं, नवीन काही शोधायची गरजच नाहीये. नगरविकास खात्याशी बसून एकदा ठरवा की शहराच्या भूजलाची जबाबदारी नक्की कुणाची, कुठल्या अधिकाऱ्याच्या नावावर, म्हणजे आम्हाला या टेबलावरून त्या टेबलावर जावं लागणार नाही. आणि जी विहीर लाल निघेल तिच्यावर नुसती "पिण्यास अयोग्य" अशी पाटी लावून निघून जाऊ नका. घाण कुठून येते ते शोधा, ती थांबवा, ज्याची असेल त्याच्याकडून खर्च घ्या, आणि ती विहीर हिरवी होईपर्यंत दर महिन्याला परत या. पाटी लावली की लोक टीव्हीपुरते घाबरतात आणि नंतर तिथेच कचरा टाकायला लागतात, हे मी दोन विहिरींचं बघितलंय.

यात पैसा लागेल, माहितीये. पण काकांचं तीन आठवड्यांचं आयसीयूचं बिल मी बघितलंय, त्यातली इंजेक्शनंच केवढ्याची होती, आणि तसे कितीतरी जण होते.

आमच्या बोअरचे सगळे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत, पहिल्या काळ्या बाटलीपासून. लॅबचे रिपोर्ट मागे पिन केलेत, चेंबरचे फोटो आहेत, कुठे खोदलं त्याचा हाताने काढलेला नकाशा आहे. भूजल यंत्रणेच्या कुणाला ते बघायचं असेल तर कधीही यावं. सकाळी दहाच्या आत आलात तर पंप चालू असतो, नमुना ताजा घेता येईल.

आपली,
खडकवासल्याच्या खालच्या अंगाची एक रहिवासी