शालू, तुझं खोबरेल गोठत नाही म्हणून तुला कळायचं नाही

प्रिय शालू,

परवा फोनवर तू विचारलंस हात कसे आहेत, आणि मी म्हटलं बरे आहेत. खोटं होतं ते. सूनबाई शेजारी बसून वाटाणे सोलत होती, तिच्यासमोर काय बोलणार. म्हणून आज दुपारी सगळे बाहेर गेल्यावर ऊन खात ओट्यावर बसलेय आणि खरं उत्तर देतेय. हे अख्खं पत्र फोनमध्ये बोलून लिहितेय हां, नातीने सेटिंग करून दिलंय. मी सांधे म्हटलं की तो संध्या लिहितो. पहिल्या खेपेला ‘थंडीत माझ्या संध्या फार दुखतात’ असं छापून आलं, मी एकटीच हसत बसले. मग उजव्या अंगठ्याने एकेक अक्षर दुरुस्त करायचं, तोच एक अजून इमानदार आहे.

तुमच्या चिपळूणला थंडी म्हणजे पंखा दोनवर. इथे निफाडला काय असतं ते तू पेपरात वाचतेसच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाऱ्याची नोंद होते आणि तोच आकडा सगळीकडे छापून येतो. २०१८ च्या डिसेंबरात २ च्याही खाली गेला होता, द्राक्षाच्या पानांवर दवाचं पांढरं मीठ झालं होतं तेव्हा. यंदा तेवढं नाही, पण खोबरेल तेलाची बाटली दसऱ्यानंतर जी गोठली ती गोठलीच. तर शालू, माझी बोटं म्हणजे अगदी ती बाटली. सकाळी कितीही उपडी कर, हलव, थेंब खाली येत नाही. मग उन्हात ठेवायची, वाट बघायची, कडेकडेने पातळ व्हायला लागते, आणि अकरा वाजले की एकदम सगळं सुटतं. घाई केली तर काही उपयोग नाही, न बाटलीवर न बोटांवर.

तुझे गुडघे झिजलेत, ते दुखणं निराळं. तुझं उठल्यावर अर्ध्या तासात सुटतं नं? माझं दीड-दोन तास. आमचे डॉक्टर सांगतात तुमच्या मैत्रिणीची झीज आहे, तुमची सूज आहे, शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर चाल करून जातं. आमवात म्हणतात तोच. बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त. सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात पहाटे सगळ्यात जास्त असतात म्हणे, म्हणून सकाळ वाईट. थंडीने रोग वाढतो असं काही नाही, पण ताठरपणा जास्त जाणवतो, असं ते म्हणतात. मी मनात म्हटलं, तुम्ही या एकदा पहाटे चारला आमच्या मोरीत आणि मग सांगा.

१९ वर्षं झाली गं. आठवतं का, चौथीचे स्कॉलरशिपचे पेपर तपासताना पेन निसटायला लागलं तेव्हा मी तुला लिहिलं होतं की बहुतेक म्हातारपण आलं. पन्नाशीसुद्धा नव्हती. मग नाशिकच्या फेऱ्या, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती पिवळी गोळी, बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड, दर ३ महिन्यांनी रक्त. कालनिर्णयवर प्रत्येक रविवारी मी ‘गो’ लिहून ठेवते, कारण ती गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वरच्या आळीतल्या एका बाईंना वाटलं आमच्या घरी रविवारी गोड असतं.

आणि मधे एक मूर्खपणा केला होता तो तुला कधी सांगितला नाही. एक पुडीवाला आला होता, सगळं जडीबुटीचं, साइड इफेक्ट शून्य. तिसऱ्या दिवशी मी पाट्यावर चटणी वाटली शालू! पाट्यावर! वाटलं देव पावला. दीड महिन्यात तोंड पुरणपोळीसारखं फुगलं, शुगर वर गेली. डॉक्टरांनी तोंडाकडे बघूनच विचारलं, पुडी कोणाची? अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड दळून घातलेलं असतं म्हणाले, आणि एकदम बंदही करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं. ३० वर्षं पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले आणि स्वतः पुडी खाल्ली.

असो. माझा दिवस सांगते.

पहाटे साडेतीनला जाग. चारला मुलगा उठतो, द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवायला. मण्यांत साखर भरायला लागली की अशा थंडीत मणी तडकतात, म्हणून ओळींमधे ठिकठिकाणी धूर करायचा आणि ठिबक चालू करून मुळांशी पाणी द्यायचं. लाईट कधी असते कधी नसते, त्यात उसाच्या बाजूला बिबट्या, त्यामुळे तो जाईपर्यंत माझा जीव खालीवर. तर तो उठतो आणि आम्ही दोघं चहा करतो. करतो म्हणजे, मला लायटर दाबवत नाही, तो दाबतो. मी आलं किती ते सांगते. स्टीलचा पेला मी दोन्ही तळहातांत धरते, चहापेक्षा शेकच जास्त. हा मुलगा दिवसभरात माझ्याशी चार वाक्यं बोलत नाही, पण त्या पंधरा मिनिटांत सगळं बोलतो. व्यापारी काय भाव म्हणाला, सोसायटीचं कर्ज, लेकीला पुढे कुठे घालायचं. एकदा म्हणाला, आई तू झोप नं, कशाला उठतेस. मी म्हटलं झोपले असते तर उठले नसते. त्याला वाटतं मी त्याच्यासाठी उठते, मी ते तसंच राहू दिलंय. बरं दिसतं.

मग तो गेला की खरा तमाशा. आंघोळीचं पाणी कडकडीत, त्यात हात दहा मिनिटं बुडवून उघडझाप करायची. नळाचा कॉक फिरत नव्हता, त्याला आता लांब दांडीचा बसवलाय, कोपराने ढकलते. केस वर्षापूर्वीच कापले, वेणी जमेना. पण ब्लाउजचे हुक! अगं दोन वर्षं नात शाळेत जायच्या आधी लावून द्यायची, आणि तिची सकाळची शाळा झाली तशी मी रोज नऊपर्यंत शाल गुंडाळून बसायची, कोणी आलं तर आतूनच बोलायची. कोणाला सांगणार. शेवटी टेलरबाईंकडे गेले नि म्हटलं सगळे हुक काढा आणि ती बॅगांना असते तसली चिकटपट्टी लावा, वरून नुसती शोभेची बटणं. तिला हसू आलं, पण लावून दिली. पहिल्याच हळदीकुंकवाला एका वयस्कर बाईंना वाकून नमस्कार केला आणि चर्रर्र! सगळ्या बायकांनी आपापले पदर तपासले. मी पण तपासला, तोंड अगदी गंभीर ठेवून.

आता मूळ गोष्टीकडे येते, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. गेल्या वर्षी मी सूनबाईला फोनवर तिच्या आईशी बोलताना ऐकलं. सकाळी म्हणतात कप धरवत नाही आणि दुपारी बघितलं तर अंगणात रांगोळी काढत होत्या. आवाजात राग नव्हता गं, नुसतं न कळणं होतं. पण मला आठ दिवस जेवण गेलं नाही. कारण खरंच मी रांगोळी काढली होती! तीच बोटं, तोच दिवस. चोरी पकडल्यासारखं झालं. पुढच्या खेपेला मी तिला मुद्दाम नाशिकला सोबत नेलं, एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट त्यामुळे दोघींचं मिळून एक झालं. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं, माझ्या बोटांची पेरं दाबून कुठे सूज आहे ते दाखवलं. ती गप्प झाली. येताना गाडीत खिडकीची जागा मला दिली आणि ओझरपर्यंत बाहेरच बघत होती.

आणि तेव्हापासून सुरू झालं, ‘आई तुम्ही बसा.’ भाजी निवडायला घेतली, आई तुम्ही बसा. कपड्यांच्या घड्या, आई बसा. पाहुणे आले, मी पाणी आणायला उठले तर त्यांच्यासमोरच, अहो तुम्ही बसा नं. इतकं प्रेमाने म्हणते की भांडताही येत नाही. आधी तिला माझं खरं वाटत नव्हतं, आता इतकं खरं वाटतंय की मी जिवंतपणीच भिंतीवरचा फोटो झालेय, फक्त हार घालायचा बाकी. तुला खरं सांगू, दुखतं ते सवयीचं आहे. हे बसणं सवयीचं नाही. मी शाळेतसुद्धा खुर्चीवर बसले नाही कधी, तुला माहितेय.

मग यंदा भोगीला मी काय केलं ऐक. सूनबाईला पतसंस्थेत सुट्टी नव्हती, ती म्हणाली भाकऱ्या बचतगटाकडून मागवते. भोगीची भाकरी विकत! मी काही बोलले नाही. ती गेल्यावर नातीला हाक मारली. अकरा वर्षांची आहे, पिझ्झ्याचा व्हिडिओ बघत होती. म्हटलं चल, आज मी तोंड आणि तू हात.

पीठ आदल्या दिवशीच दळून आणवलं होतं, शिळ्या बाजरीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग कोणाच्या बापाची भाकरी थापली जात नाही. पाणी चांगलं गरम घ्यायला लावलं. मळताना ती बोटांनीच चिवडत बसली, मी म्हटलं बोटांनी नाही, तळहाताच्या मुळाने, परातीला घासून घासून. माझा हात तिच्या हातावर ठेवला. शालू, तिचा हात इतका गरम होता की मी जरा जास्तच वेळ ठेवला. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी उचलताना. तिसरी तव्यावर पडली पण अर्धीच, बाकीची अर्धी जमिनीवर, ती कुत्र्याने बिनतक्रार खाल्ली. ती रडकुंडीला आली, म्हणाली आज्जी तू करून दाखव नं एकदा. आणि मी हात पुढे केला गं, सवयीने. गोळा घेतला, फिरवला, दोन थापा मारल्या, आणि तिसऱ्या थापेला मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर काजवे. तिने बघितलं. काही न बोलता गोळा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, तू फक्त सांग.

‘तू बस’ नाही म्हणाली. ‘तू सांग’ म्हणाली.

चौथी भाकरी श्रीलंकेच्या नकाशासारखी झाली. वरून पाणी फिरवलं, पाणी सुकायच्या आत उलटवायला लावली, मग तवा काढून आचेवर. एका बाजूने टम्म फुगली, दुसऱ्या बाजूने तीळ उडून गॅसवर तडतडले. पोर अशी किंचाळली की शेजारची पळत आली, तिला वाटलं बिबट्या आला.

संध्याकाळी सूनबाईने डबा उघडून बघितलं. वेड्यावाकड्या सहा भाकऱ्या. माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मनगट तुमचं कसं आहे, एवढंच विचारलं. मी म्हटलं सुजलंय. ती उठून गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, आणि मग बसून भोगीच्या भाजीबरोबर श्रीलंका खाल्ली, लोणी लावून.

काल रविवार. गोळीचा दिवस, मला जरा मळमळतं. तर सूनबाई वही-पेन घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली, आई मेथीच्या लाडवांचं प्रमाण सांगा, लिहून घेते. १३ वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं कणीक एक किलो, गूळ अंदाजाने, आणि मेथ्या दोन मुठी. म्हणाली मूठ म्हणजे किती, दाखवा. मी मूठ केली तर ती होईचना, मधून मेथ्या गळायला लागल्या. मग मी तिचीच मूठ धरायला लावली, तिची चांगली भरदार आहे. दोन मुठी. लाडू इतके कडू झाले की मुलगा एक खाऊन बागेत निघून गेला. मी तीन खाल्ले.

बरं, आता ऊन ओट्यावरून सरकलं. तू फेब्रुवारीत ये, थॉमसन द्राक्षं तोवर गोड झालेली असतील, आणि नांदूर मध्यमेश्वरचे पाहुणे पक्षीही असतात तोवर. नात सांगते ते आता रामसर यादीत आहे, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जगात नाव. मी फक्त दुपारी बाराला येईन बघायला, पक्ष्यांना काय वाटायचं ते वाटो. येताना कुळथाचं पीठ आण, इथलं मला आवडत नाही. आणि स्वेटर आण, तुझ्याकडे नसेल तर माझे पाच आहेत, सगळे पुढून चेनवाले.

तुझीच,
कमल

ता.क. मधेच कुठे संध्या दिसली तर सांधे वाच.